त्रिविक्रमाच्या गावची लहान गाडी

कार्तिक मास लागला की खानदेशात रथांचे दिवस येतात. प्रबोधिनी एकादशीस जळगावी श्रीरामाचा रथ निघतो. अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेली ही परंपरा दीड शतक ओलांडून गेली आहे. त्यानंतर तीनच दिवसांनी, वैकुंठ चतुर्दशीस, जामनेर तालुक्यातील शेंदुर्णी येथे श्री त्रिविक्रमाचा रथ ओढला जातो आणि सोन नदीकाठच्या त्या गावी मोठी यात्रा भरते. रथाविषयी आणि मूर्तीविषयी वाचकांनी अनेकदा वाचले असेल. आज आम्ही लिहिणार आहोत ते ज्या वाटेने ही यात्रा येत असे त्या वाटेविषयी, म्हणजे पाचोरा ते जामनेर या लहान लोहमार्गाविषयी आणि त्यावरील शेंदुर्णी स्टेशनाविषयी. देवाचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ सांगितला जातो, देवापर्यंत माणसे कशी पोहोचली याचा मात्र फारसा कोणी सांगत नाही. शेंदुर्णीच्या बाबतीत तो सांगण्यास आज एक निकडीचे कारणही आहे. शंभर वर्षे नेमाने येणारी ती गाडी मार्च २०२० पासून आलेली नाही.

प्रथम गावाविषयी थोडेसे. शेंदुर्णीस खानदेशचे प्रतिपंढरपूर म्हणतात. गावातील संत कडोबा महाराज हे पंढरीचे वारकरी. पंढरीच्या पांडुरंगाने त्यांस दृष्टांत दिला, मी तुझ्याच गावी आहे असे सांगितले, आणि त्याप्रमाणे भूमीतून त्रिविक्रमाची पाषाणमूर्ती प्रकट झाली, अशी कथा आहे. रथोत्सवाची परंपरा १७४४ सालापासूनची सांगतात. म्हणजे पेशवाईच्या भर मध्यान्हीची. लोहमार्ग त्या वेळी विलायतेतही नव्हता.

त्रिविक्रम हे वामनाचे विराट रूप. तीन पावले भूमी मागून ज्याने त्रैलोक्य व्यापले आणि बळीराजास पाताळी धाडले, तो हा देव. येथे आम्हांस नेहमी एका गोष्टीचे कौतुक वाटत आले आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस हाच खानदेशी शेतकरी बळीची पूजा करतो, घरच्या लक्ष्म्या ‘बळीचे राज्य येवो’ म्हणून ओवाळतात, आणि पंधरवडा सरण्याच्या आत तोच शेतकरी बळीस पाताळी घालणाऱ्या देवाचा रथ खांद्याला खांदा लावून ओढतो. शास्त्री-पंडितांस यात विसंगती दिसेल. शेतकऱ्यास ती दिसत नाही. त्याच्या घरी दोघांनाही पाट मांडलेला आहे.

रथाचे तंत्रही पाहण्यासारखे असते. खानदेशातील या अवजड लाकडी रथांस लगाम नाही, सुकाणू नाही. चाकाखाली लाकडाची मोगरी देऊन रथ थांबवावयाचा आणि मोगरीच्याच आधाराने वळवावयाचा. ती देणारा माणूस चाकाच्या इतक्या जवळ असतो की त्याची नजर क्षणभरही ढळून चालत नाही. मागे शेकडो माणसे ओढत असतात, पुढे अरुंद गल्ली असते, आणि सारा भार त्या एका हातभर लाकडावर येतो. जळगावच्या रथात हे काम वर्षानुवर्षे सवयीच्या माणसांकडेच राहिलेले आहे.

लोखंडी सडक खानदेशात आली त्याची कथा

मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, ‘लोखंडी सडकांचे चमत्कार’ या नावाचे पुस्तक मराठीत निघाले, यावरून त्या काळच्या सुशिक्षितांस या नव्या वाहनाचे किती नवल वाटले असेल ते कळते. जी.आय.पी. कंपनीचा मार्ग थळ घाट चढून १८६० नंतरच्या दशकात खानदेशातून पुढे गेला आणि १८६७ साली नागपूरला पोहोचला. तो काळही मोठा विलक्षण होता. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाड-खानदेशाच्या काळ्या मातीकडे वळली. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही नावे मुंबईच्या कापूस बाजारात सर्वांच्या तोंडी झाली ती या लोखंडी सडकेमुळे.

पण सडक ज्या गावावरून गेली ते गाव पुढे आले आणि जे दहा-पंधरा कोस बाजूस राहिले ते राहिलेच. पाचोऱ्याच्या पूर्वेचा मुलूख, म्हणजे वरखेडी, पिंपळगाव हरेश्वर, शेंदुर्णी, पहूर, जामनेर हा पट्टा असा बाजूस राहिला होता. जमीन कसदार, कापूस उत्तम, पण तो पाचोऱ्याच्या स्टेशनापर्यंत नेण्यास बैलगाडीचाच आधार. शेंदुर्णीच्या यात्रेस येणाऱ्यासही तीच वाट. कार्तिकात नद्या-नाल्यांचे पाणी ओसरलेले असते हे खरे, तरी खानदेशची काळी माती पावसाळ्यानंतर बरेच दिवस चाकाला सोडत नाही. ज्याच्या घरी बैलजोडी तो सहकुटुंब येई, ज्याच्या घरी नाही तो पायी येई किंवा येतच नसे. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या आणि मजूर बहुधा या शेवटच्या वर्गात मोडत.

ही अडचण दूर झाली ती पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास. पाचोरा-जामनेर रेल्वे म्हणून स्वतंत्र लोहमार्ग बांधला गेला आणि तो चालविण्याचे काम जी.आय.पी.कडे आले. लांबी ५६ किलोमीटर. पाचोऱ्याहून निघाले की वरखेडी, पिंपळगाव, मग साधारण मध्यावर शेंदुर्णी, पुढे पहूर, भागदरा आणि शेवटी जामनेर. लोकांनी लवकरच तिचे नाव ‘पी.जे.’ असे आटोपशीर करून टाकले आणि शेवटपर्यंत ती पी.जे.च राहिली.

अडीच फुटांचा हिशेब

या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मुख्य मार्गाचे साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणाऱ्या देवाच्या गावी जाणारी गाडी तीन फुटांचीही नव्हती, असे कोणी गमतीने म्हणेल. पण या अडीच फुटांमागे पक्का व्यवहार होता. रुंद मार्ग घालावयाचा तर जमीन अधिक लागते, भराव रुंद लागतो, पूल भारी लागतात, रूळ जाड लागतात, आणि वळणे सौम्य ठेवावी लागत असल्याने टेकड्या-नाले चुकवीत जाता येत नाही. अरुंद मार्ग शेताच्या बांधासारखा वळत जातो. ज्या मुलुखात चार महिने कापूस व धान्य आणि बाराही महिने थोडेबहुत उतारू एवढीच वाहतूक, तेथे मोठ्या मार्गाचा खर्च कधी निघाला नसता. लहान मार्ग बांधला गेला तो या हिशेबाने.

महाराष्ट्रास हा हिशेब नवीन नव्हता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे याच अडीच फुटी मापाने सुरू करून दाखविली होती आणि १९०६ साली ती पंढरपुरास नेली होती. पुढे १९११ साली ती लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोहोचली. कुर्डुवाडीस मोठी गाडी सोडून बार्शी लाइटच्या डब्यात बसून पंढरीस गेलेले वारकरी आपल्या घराण्यांत पुष्कळ सापडतील. म्हणजे पंढरपूर आणि प्रतिपंढरपूर या दोन्ही क्षेत्रांस आगगाडी पोहोचली ती सारख्याच मापाच्या रुळांवरून. हा योगायोग आहे, त्यात कोणी योजना केली नव्हती. पण गरिबाच्या देवापर्यंत जाणारी वाट गरिबीच्याच मापाने बांधली गेली, हे सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

अरुंद मार्गाचा एक मोठा दोष असतो. त्याचे डबे मुख्य मार्गावर जाऊ शकत नाहीत. जामनेरहून भरून आलेली कापसाची प्रत्येक गाठ पाचोऱ्यास हमालांनी उतरवावी, फलाट ओलांडून न्यावी आणि मोठ्या वाघिणीत पुन्हा चढवावी लागे. त्यात वेळ जाई, मजुरी जाई, मालाची नासधूस होई ती वेगळीच. मोटारलॉऱ्या आल्या आणि शेताच्या बांधावरून थेट पेठेपर्यंत माल जाऊ लागला तेव्हा व्यापाऱ्यांनी लहान गाडीकडे पाठ फिरविली, यात नवल नाही. देशभरच्या लहान मार्गांची हीच कहाणी आहे. परंतु माणूस हा असा माल आहे की तो आपल्या पायांनी एका डब्यातून उतरून दुसऱ्या डब्यात जाऊन बसतो. त्यास हमाल लागत नाही. कापूस गेला तरी उतारू राहिले आणि पी.जे. ही पुढची कित्येक दशके केवळ माणसांची गाडी होऊन राहिली, याचे कारण आमच्या मते हेच.

यात्रेचे स्टेशन

वर्षातील तीनशे पन्नास दिवस शेंदुर्णीचे स्टेशन इतर कोणत्याही खेड्यातील स्टेशनासारखेच असावयाचे. तालुक्याच्या कामास निघालेली माणसे, महाविद्यालयात जाणारी मुले, पाचोऱ्याच्या बाजारास भाजी नेणाऱ्या बाया, मुख्य मार्गाची गाडी धरावयाची म्हणून ट्रंक घेऊन बसलेला एखादा चाकरमानी. कार्तिकी एकादशी उलटली की मात्र याच स्टेशनाचे रूप पालटे. पाचोऱ्यास मुख्य मार्गाच्या गाड्यांतून चाळीसगावकडची आणि जळगावकडची माणसे उतरत आणि लहान गाडीकडे धाव घेत. पश्चिमेकडून आलेली अहिराणी बोलणारी, जामनेर-भुसावळकडची तावडी बोलणारी, असे खानदेशचे दोन्ही आवाज एकाच डब्यात ऐकू येत. डबे लहान, बाके लाकडी, आणि गर्दी अशी की टपावरही माणसे बसलेली. हे नियमास धरून नव्हते आणि धोक्याचेही होते. त्याचे गुणगान आम्ही करणार नाही. पण टपावर बसणारा हौसेने बसत नाही, आत जागा नसते म्हणून बसतो, हेही ध्यानी घ्यावयास हवे.

५६ किलोमीटर जाण्यास ही गाडी दोन तासांहून अधिक घेई. सायकलस्वाराने तिच्याशी शर्यत लावावी अशी तिची चाल. तिच्या मंदगतीवर पंचक्रोशीत पुष्कळ विनोद होते आणि ते सांगताना लोकांच्या मुद्रेवर आपल्या घरच्या म्हाताऱ्या बैलाविषयी बोलावे तसा भाव असे. वाफेची इंजिने गेली, डिझेलची आली, चाल फारशी वाढली नाही. पण तिकीट एस.टी.हून फार स्वस्त होते. खेड्यातल्या बाईला यात्रेस जाणे होईल की नाही हे बहुधा या स्वस्ताईवर ठरत असे. घरातील कर्त्यापुढे हात पसरल्यावाचून, चार दिवसांच्या निंदणीच्या मजुरीतून बाजूस काढलेल्या पैशांत तिला जाऊन येता येई, देवाला नारळ देता येई आणि येताना मुलांस गोडीशेव आणता येई. यात्रेचे अर्थशास्त्र म्हणतात ते हेच. कासार, खेळणीवाले, भांडीवाले, रेवड्या-बत्तासेवाले यांचा धंदा मोटारीतून उतरणाऱ्या यजमानांवर चालत नाही, तो या बायामाणसांवर चालतो.

रेल्वे कंपन्यांनाही हे उशिरा कळले. हिंदुस्थानातील माणूस सोवळ्या-ओवळ्यामुळे आगगाडीत बसेल की नाही अशी शंका प्रारंभी घेतली जात होती. प्रत्यक्षात कंपन्यांच्या उतारू-उत्पन्नाचा मोठा हिस्सा तिसऱ्या वर्गाकडून येऊ लागला आणि त्यात यात्रेकरूंचा भरणा मोठा होता. पण ज्याच्या पैशावर गाड्या चालत त्याचे हाल संपले नाहीत. महात्मा गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाच्या हालांवर १९१७ साली लेखन केले, म्हणजे पी.जे.ची पहिली गाडी सुटण्याच्या अगदी थोडेच आधी.

याच संदर्भात खानदेशातील आणखी एका स्टेशनाची आठवण देणे आम्ही कर्तव्य समजतो. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याहून परतताना चाळीसगावी उतरले. वस्तीतील लोकांनी त्यांस आग्रहाने थांबवून घेतले होते. स्टेशनाबाहेर टांगे होते, पण त्यांना वस्तीत नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला तो हाकणाऱ्यावाचून, आणि ज्याने लगाम हाती घेतला त्यास टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीच्या फरशीवर टांगा अडखळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. गाडीच्या बाकावर तिकीट काढणारा प्रत्येक जण बसू शके. ती समता फलाट संपला की संपत असे. आगगाडीने भेद नाहीसे केले असे जे सरसकट लिहिले जाते ते म्हणूनच पुरते खरे नव्हे. तिने एवढेच केले की काही तास माणसांना मांडीला मांडी लावून बसविले. तेही त्या काळी लहान काम नव्हते.

शेंदुर्णीच्या पुढचे पहूर हे स्टेशनही एका वेगळ्या यात्रेचे होते. पहूरहून फर्दापूरच्या वाटेने अजिंठ्याची लेणी जवळ पडतात. १८१९ साली लेणी पुन्हा जगाच्या नजरेस आली, आणि सुमारे शंभर वर्षांनी ही लहान गाडी त्यांच्या पायथ्याच्या मुलुखात शिरली. तेव्हा लेणी पाहण्यास निघालेले कलाप्रेमी आणि त्रिविक्रमास निघालेली खानदेशी म्हातारी एकाच इंजिनाच्या मागे बसून गेलेली असणार. एकमेकांस त्यांनी काय म्हटले असेल, देव जाणे.

गाडी थांबली

२०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे देशातील सर्वच उतारू गाड्या थांबविण्यात आल्या. पुढे एकेक करीत त्या सुरू झाल्या. पी.जे. मात्र सुरू झाली नाही. पाचोरा, शेंदुर्णी, जामनेर येथील लोकांनी आंदोलने केली, निवेदने दिली. लहान गाडी पुन्हा धावण्याऐवजी मार्गाचे रुंदीकरण करण्याचे आणि तो जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत नेण्याचे ठरले. नवा मार्ग एकूण सुमारे ८४ किलोमीटरचा व्हावयाचा आहे.

गाडी नसण्याचा अर्थ काय हे फार लवकर कळून आले. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये, नेमक्या कार्तिक शुद्ध पक्षात, राज्यभर एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू होता. त्या वैकुंठ चतुर्दशीस पी.जे. नाही आणि एस.टी.ही नाही, अशी स्थिती झाली. ज्यांच्या दारी स्वतःचे वाहन होते त्यांचे काही अडले नाही. इतरांना काळीपिवळीवाला मागेल ते भाडे द्यावे लागले असेल, नाहीतर घरूनच हात जोडावे लागले असतील. १९१८ च्या आधी बैलजोडी असणारा आणि नसणारा असा जो भेद होता तो शंभर वर्षांनी दुसऱ्या रूपात परत आला.

रुंदीकरणास आमचा विरोध नाही; तो कोणी शहाण्याने करूही नये. जामनेर-पाचोऱ्याचा कापूस, केळी, लिंबे यांना पाचोऱ्यास वाघीण न बदलता देशभर जाता आले तर शेतकऱ्याच्या पदरी दोन पैसे अधिक पडतील. मुलांना जळगाव-भुसावळच काय, मुंबईपर्यंत न उतरता जाता येईल. हा लाभ खरा आहे. आमचे म्हणणे आहे ते एका निराळ्या गोष्टीविषयी.

जुना मार्ग जामनेरला संपत होता. तो कोठे जात नव्हता, म्हणूनच तो केवळ त्या सहा-सात गावांचा होता. गाडीस शेंदुर्णीला थांबण्यावाचून दुसरे काम नव्हते. नवा मार्ग पाचोऱ्यास मुंबईच्या मार्गाशी आणि बोदवडला भुसावळ-नागपूर मार्गाशी जोडला जाईल. दोन मोठ्या मार्गांना जोडणारा दुवा म्हटला की त्यावरून दूरच्या गाड्या जाणार, मालाच्या लांबच लांब गाड्या जाणार. त्यात गैर काहीच नाही. पण अशा मार्गावरचे खेड्याचे स्टेशन हळूहळू केवळ गाड्या जाताना पाहण्याचे ठिकाण होऊन बसते, हा मुख्य मार्गावरील कित्येक लहान स्टेशनांचा अनुभव आहे. तेथे फलाट उत्तम, इमारत नवी, दिव्यांचा लखलखाट, आणि थांबणारी गाडी दिवसातून एखादी; तीही बाजूस उभी राहून मेल-एक्स्प्रेसला वाट देणारी. शेंदुर्णीच्या नशिबी हे येऊ नये असे वाटत असेल तर सर्व स्टेशनांवर थांबणारी, साध्या भाड्याची उतारू गाडी या मार्गावर सकाळ-संध्याकाळ असलीच पाहिजे, आणि ही मागणी मार्गाचे काम चालू असतानाच व्हावयास हवी. मार्ग झाल्यावर, वेळापत्रके ठरल्यावर केलेल्या मागणीस फारसे कोणी विचारीत नाही.

दुसरे म्हणणे स्टेशनाच्या जागेविषयी. रुंद मार्गास सौम्य वळणे लागतात, त्यामुळे कोठे कोठे जुनी आखणी सोडून नवी धरावी लागते हे आम्ही जाणतो. पण इंजिनियराच्या कागदावर अर्धा कोस हा बोटभर असतो आणि डोक्यावर बोचके, कडेवर मूल घेतलेल्या बाईच्या पायाखाली तो अर्धा कोसच असतो. गावापासून दूर गेलेले स्टेशन पुन्हा रिक्षावाल्याचे होते, आणि स्वस्त तिकिटाचा सारा लाभ तेथे संपतो.

तिसरी गोष्ट लहान वाटेल, आम्हांस ती वाटत नाही. नेरळ-माथेरानची १९०७ सालची गाडी आजही सर्वांच्या कौतुकाचा विषय आहे. पी.जे.च्याच अडीच फुटी मापाची कालका-सिमला गाडी २००८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. डोंगरातल्या थंड हवेच्या ठिकाणी जाणाऱ्या लहान गाड्या जपल्या जातात, सपाटीवरच्या, शेतकऱ्यांच्या लहान गाड्या मोडीत निघतात. जपण्यासारखे सौंदर्य फक्त देवदाराच्या वनातच असते असे कोणास वाटत असेल तर त्याने कार्तिकातील खानदेश पाहिलेला नाही. दोन्ही बाजूंस फुटलेला पांढरा कापूस, हिरवा दादर, केळीचे गर्द मळे, आणि मधून आपल्याच विचारात चाललेली ती गाडी! तिचे एखादे इंजिन, दोन डबे आणि जुन्या रुळाची पाच-पंचवीस हातांची लांबी शेंदुर्णीच्या स्टेशनाजवळ उभी करून ठेवावी. यात्रेस आलेल्या पोरांस तिच्यात चढून बसता यावे. यास फार खर्च नाही.

बार्शी लाइटचे उदाहरण येथे पुन्हा पाहण्यासारखे आहे. कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग २००१ च्या सुमारास रुंद झाला आणि लहान गाडीचे दिवस संपले. लहान गाडी गेल्याचे दुःख पुष्कळांस झाले. पण आषाढी-कार्तिकीस पंढरपुरास जादा गाड्या सोडण्याचा परिपाठ मोठ्या मार्गावरही राहिला आणि वारकऱ्याची वाट बंद झाली नाही. जे पंढरपुरास मिळाले ते प्रतिपंढरपुरास, त्याच्या प्रमाणात का होईना, मिळावयास हरकत नसावी. कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत पाचोऱ्याहून शेंदुर्णीस आणि जामनेराहून शेंदुर्णीस जादा फेऱ्या, हे मागणे जुन्या कंपनीच्या काळीही अवाजवी ठरले नसते.

शेंदुर्णीचा रथ पेठेतून फिरत फिरत जागेवर येतो, दर्शने होतात आणि मग परगावच्या माणसांस घराची ओढ लागते. बायका मुले शोधू लागतात, म्हातारे काठी शोधू लागतात. नव्या मार्गावर गाड्या सुरू होतील तेव्हा वेळापत्रक हाती घेऊन आम्ही प्रथम एकच गोष्ट पाहणार आहोत : वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री शेंदुर्णीहून पाचोऱ्याकडे शेवटची गाडी किती वाजता सुटते.